पिसांवर फुंकर

कोंबड्यांच्या ओरडण्यात फरक असतो हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. आभाळात घार दिसली की कोंबडा एक लांब, बारीक सूर काढतो आणि सगळी पिल्लं असतील तिथे चिकटून बसतात. जमिनीवरून कुत्रं, मांजर किंवा धामण आली तर सूर वेगळा, तुटक तुटक, ‘कट् कट् कटाक’ असा, आणि तो बराच वेळ चालतो. त्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत कुळीथ निवडत बसले होते तेव्हा आधी तो तुटक सूर आला आणि लगेच त्याच्यावर दुसरा एक आवाज चढला. कोंबडी धरली गेल्यावरचा. तो एकदा ऐकला की विसरता येत नाही.

सूप तिथेच टाकून मी धावले. सासूबाई माजघरातून ओरडल्या, “गे, धाव गे! मुंगसान कोंबी धरल्यान!” त्यांनी काही पाहिलं नव्हतं, नुसत्या आवाजावरून त्यांनी मुंगूस ओळखलं होतं.

दगडी गडग्याला लागून जिथे कुंपणाची वई मोडली होती तिथे मुंगूस काबरीच्या पाठीवर होतं. काबरी म्हणजे आमची पिल्लावाली कोंबडी. तिच्याबरोबर तीन आठवड्यांची नऊ पिल्लं होती. मी दगड उचलेपर्यंत मुंगूस पिल्लू तोंडात धरून गडग्यापलीकडे गेलंही होतं. मग मोजलं तर पिल्लं सात. एक माझ्यादेखत गेलं, एक आधीच गेलेलं असणार. काबरी पळाली नव्हती. मुंगूस गेलं तिकडे तोंड करून ती पंख पसरून उभी होती आणि तिच्याभोवती जमिनीवर इतकी पिसं पडली होती की कोणी उशी फोडली असं वाटावं.

ती पिसं बघूनच माझा धीर सुटला. पुढे कळलं की घाबरलेला पक्षी स्वतःच पिसं सैल सोडतो. पकडणाऱ्याच्या तोंडात नुसती पिसं राहावीत आणि जीव सुटावा, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. तेव्हा पिसांच्या ढिगावरून जखमेचा अंदाज करू नये. पण काबरीच्या बाबतीत जखमही मोठी होती. पाठीची कातडी शेपटीच्या वर तळहाताएवढी सोलून एका बाजूला लोंबत होती आणि आतलं मांस उघडं पडलं होतं.

शेजारची काकी आवाज ऐकून आली ती मुठीत हळद घेऊनच. तिने काही न विचारता ती सगळी मूठ त्या उघड्या पाठीवर दाबली. रक्त थांबलं, हे खरं. मग तिने काबरीच्या तुऱ्याकडे बघितलं. तुरा पांढुरका पडला होता.

“ही काय वाचाची नाय,” काकी म्हणाली. “गरम आसा तवसर सुरी लाव. उद्या मेल्यार फुकट जायत.”

काकी निर्दय नाही. गेली चाळीस वर्षं ती कोंबड्या पाळते, खुडूक कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, कधी बसवायची हे तिच्याएवढं वाडीत कोणाला कळत नाही. तिच्या हिशेबात जखमी कोंबडी म्हणजे वाया जाऊ पाहणारं अन्न, आणि अन्न वाया घालवणं हे पाप. मी काही बोलले नाही. सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रव जरा. आधी तिका काळोखात ठेव.”

आणि तेच बरोबर होतं. पुढे डॉक्टरांनी हेच सांगितलं. जखम बघून आपला हात आधी जखमेकडे जातो. पण रक्त वाहायचं थांबलं असेल तर पहिला अर्धा-पाऊण तास जखमेला हात न लावणं चांगलं. कोंबडीच्या अंगाची उष्णता एरवीच ४१-४२ सेल्सिअस असते, आपल्याहून बरीच जास्त. धक्का बसला की ती भराभर उतरते. पाय गार पडतात, डोळे अर्धे मिटतात, पिसं फुलवून ती गोळा होऊन बसते. त्या अवस्थेत तिला उलटीपालटी करून धुवायला घेतलं तर जखमेने न मरणारी कोंबडी आपल्या हातात मरते. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त असतं ते सगळं मिळून शंभर मिलिलिटरच्या आसपास, एका लहान कपाएवढं. त्यातलं थोडं गेलं तरी तिच्या दृष्टीने पुष्कळ.

मी सासूबाईंचं जुनं लुगडं घेतलं, काबरीला त्यात सैलसर गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतल्यासारखं कापड ओढलं. डोळ्यांवर अंधार आला की कोंबडी गप्प होते. घट्ट गुंडाळायचं नाही. आपल्यासारखा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच तिच्यात हवा आत-बाहेर होते. प्रेमाने छातीशी आवळून धरली तर तिचा श्वासच बंद होतो. हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, भाताचा पेंढा घातला, त्यावर तिला ठेवलं, बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून लावली आणि हारा न्हाणीघराच्या काळोख्या कोपऱ्यात नेला. सातही पिल्लं दुसऱ्या टोपलीखाली झाकली.

मग फोन. तालुक्याच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता तो म्हशीसाठी घेतलेला. कोंबडीसाठी फोन करताना मला संकोच वाटला होता, हे मी लपवत नाही. पण त्यांनी तो वाटू दिला नाही. नीट सगळं विचारून घेतलं आणि काय करायचं ते सांगितलं. पाणी उकळून गार करा. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. बिनसुईच्या सिरिंजने हळूहळू धार सोडत धुवा. जखमेभोवतालची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, तेही पाण्यात पातळ करून, कोऱ्या चहाच्या रंगाचं. घरात हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर ते फेसाळतं म्हणून छान वाटेल, पण लावू नका, ते नव्याने भरू पाहणारं मांसही जाळतं. मुंगसाच्या सुळ्यांची भोकं सापडली तर त्यात जोराने पाणी मारायचं नाही; पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, दात तिथवर गेला असेल तर ते पाणी थेट श्वासात जाईल. आणि जखम शिवायची नाही. चाव्याची जखम शिवली की घाण आत कोंडते.

धुताना सगळ्यात जास्त त्रास झाला तो हळदीचा. काकीच्या मायेच्या मुठीने रक्त थांबवलं होतं, पण आता रक्त आणि हळद मिळून पाठीवर पिवळ्या-तांबड्या खपल्या धरल्या होत्या आणि त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. सगळं एकाच रंगाचं. माझा हळदीवर राग नाही. आपल्याकडे कापलं-खरचटलं की हळद, याची साक्ष तर एकदा कायद्यासमोर द्यावी लागली होती. हळदीने जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत १९९५मध्ये कोणीतरी मिळवलं होतं, आणि आपल्या गोव्यातल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते लढून १९९७मध्ये रद्द करायला लावलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकातला लेख पुरावा म्हणून दाखवावा लागला. मला त्या गोष्टीचा अभिमान आहे. पण पहिल्या तासात, जखम किती खोल हे कळायच्या आधी, कोरडी हळद भरू नये असं माझं आता ठाम मत आहे. ती नंतर, जखम स्वच्छ झाल्यावर, खोबरेल तेलात अगदी पातळ करून लावावी. तीही मांसावर, पिसांवर नाही. पिसं तेलकट झाली की त्यांच्यातली ऊब जाते.

सासूबाईंनी काबरीला धरलं होतं. त्यांच्या हातून आजवर किती कोंबड्या कापल्या गेल्या असतील याची गणती नाही. त्याच हातांनी त्यांनी तिचे पंख असे धरले होते की तिला हलता येत नव्हतं पण दुखतही नव्हतं. धुवायला पाऊण तास लागला. लोंबणारी कातडी मी परत जागेवर पसरून ठेवली, वर ओलं जाळीचं फडकं. मग चमच्याने साखर-मिठाचं पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लावलं. चोच उघडून आत ओतायचं नाही, कारण कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते. काबरीने तिसऱ्या-चौथ्या थेंबाला चोच हलवून गिळलं. मी मान वर केली तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

दिवे लागायची वेळ झाली तेव्हा मी बाकीच्या कोंबड्या खुराड्यात घातल्या आणि मोजल्या. सगळ्या होत्या. कोंबडा, ढवळी, बोडक्या मानेची, दोन तांबड्या आणि पिवळी. पिवळी ही तलंग होती, पाचेक महिन्यांची, अजून पहिलं अंडंही घातलं नव्हतं. ती एका बाजूला उभी होती, पाटावर चढली नव्हती. मी तिला उचलून पाटावर ठेवली. अंगावर रक्ताचा डाग नाही, पीस इकडचं तिकडे झालेलं नाही. दमली असेल असं वाटलं. दुपारभर सगळ्याच घाबरलेल्या होत्या.

सकाळी खुराडा उघडला तेव्हा पिवळी पाटाखाली पडलेली होती. कडक झाली होती.

मला वाटलं भीतीने मेली. कोंबड्या भीतीने मरतात असं ऐकलेलं होतं. सासूबाईंनी चूल पेटवता पेटवता विचारलं, “काल तू त्या पिवळीक हात लावलंस काय?” मी म्हटलं, हो, उचलून पाटावर ठेवली ना. त्या म्हणाल्या, “तसो न्हय. पिसां वर करून बघलंस काय?”

नव्हतं बघितलं.

मग त्यांनी ती मेलेली पिवळी मांडीवर घेतली आणि मला दाखवलं. पिसं बोटांनी विंचरून कातडी दिसत नाही. एक सारलं की दुसरं तिथे येतं. त्यांनी तोंड जवळ नेलं आणि फुंकर मारली. वाऱ्याने गवत दुभंगावं तशी पिसं दोन्हीकडे झाली आणि खाली उघडी कातडी दिसली. मग दोन बोटं सरकून पुन्हा फुंकर. मानेपासून, पाठीवरून, छातीकडून, मग पंख उचलून त्याखाली. उजव्या पंखाच्या मुळाशी दोन भोकं सापडली. तांदळाच्या दाण्याएवढी. आजूबाजूची कातडी फुगलेली, बोट दाबलं की आत हवा सरकत होती. दात हवेच्या पिशवीपर्यंत गेले होते. मुंगसाने आधी तिला धरलं होतं. तिला सोडून ते पिल्लांकडे वळलं असणार, आणि काबरी मध्ये पडली.

“कोंबी आपला दुखणा सांगणा नाय,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

कोंबडी दुखणं लपवते याचं कारण आता मला माहीत आहे. ज्या जातीला सगळेच खातात तिच्यात अशक्त दिसणं धोक्याचं असतं. शिकारी अशक्तावर डोळा ठेवतो आणि कळपातल्याही बाकीच्या टोचून टोचून त्याला खाली ढकलतात. म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते, मोजणाऱ्याच्या मोजणीत बसते. मी त्या संध्याकाळी तिला दोन्ही हातांत धरली होती. पंख उचलून एक फुंकर मारायला किती वेळ लागला असता? माझं सगळं लक्ष रक्ताकडे गेलं होतं. जिचं रक्त दिसत होतं तिच्यासाठी लुगडं, गरम पाण्याची बाटली, डॉक्टरांचा फोन. आणि जिचं दिसत नव्हतं तिला पाटावर ठेवून मी खुराड्याचं दार लावलं. कळलं असतं तरी ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण रात्रभर ती तिथे एकटी नसती.

आंब्याच्या मुळाशी हातभर खोल खड्डा काढून, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरा ठेवून, तिला पुरलं. काकी आली होती. तिने या वेळी काहीच म्हटलं नाही.

पुरून आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे काबरीला उजेडात घेऊन सबंध अंगावर फुंकर मारून बघितली. आणि सापडलं. डाव्या पंखाखाली, जिथे मी काल बघितलंच नव्हतं तिथे, एक सुळा लागल्याचं भोक. पाठीवरच्या त्या भल्या थोरल्या जखमेपेक्षा हे भोक जास्त वाईट असतं, कारण मोठी जखम उघडी असते, धुता येते, तिला वारा लागतो. भोक वरून मिटतं आणि आत दातावरची घाण राहते. तिला टोपलीत घालून मी नऊच्या एसटीने दवाखान्यात गेले.

तिथे म्हशी आणि बकऱ्यांच्या रांगेत कोंबडी घेऊन मीच एकटी होते. कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. एक किलो चारशे. त्या वजनाच्या हिशेबाने प्रतिजैविकाची मात्रा ठरवली आणि छातीच्या मांसात सुई कशी द्यायची ते मला शिकवलं. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे, पाच दिवस. दुखण्यावर मेलॉक्सिकॅमचे थेंब दिले. मी विचारलं, घरात माणसांच्या गोळ्या आहेत त्यातली चतकोर दिली तर? ते एकदम गंभीर झाले. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं नाव त्यांनी घेतलं. हे औषध दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. म्हणून जनावरांसाठी ते २००६मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं. कोंबडीचीही मूत्रपिंडं पक्ष्याचीच. लहानपणी मेलेल्या बैलाभोवती बसलेली गिधाडं मी बघितली आहेत, माझ्या मुलाने नाही. घरातल्या पत्र्याच्या डब्यातल्या त्या गोळ्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. बधिर करायची मलमंही डॉक्टरांनी नको म्हटलं. एवढ्याशा जिवाला ती सहज जास्त होतात. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तेवढे दिवस अंडी खायची नाहीत असं बजावलं, पण पिल्लावाली असल्यामुळे काबरी अंडी घालतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी घाबरून त्यांना पुन्हा फोन केला. जखमेच्या कडेची कातडी हिरवी झाली होती, चक्क पोपटी. मला वाटलं सडली. त्यांनी विचारलं, वास येतोय का? नाही. काळी पडलीय का? नाही. मग ते मुका मार आहे, म्हणाले. आपल्या अंगावर मार लागला की आधी निळं-जांभळं होतं, मग हिरवट, मग पिवळं. पक्ष्यांच्या अंगात रक्ताचा रंग हिरव्यापर्यंत येऊन थांबतो, पुढे पिवळा होत नाही. चार दिवसांनी ते हिरवं आपोआप विरून गेलं. कोंबडी पाळणाऱ्या कोणाला हे वाचून एक रात्र झोप लागली तरी मला पुरे.

माशांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. आश्विनाच्या उन्हात उघड्या मांसावर माशी बसली की दिवसभरात अळ्या दिसायला लागतात. म्हणून काबरी घरातच राहिली, न्हाणीघरात, हाऱ्यावर जुनी मच्छरदाणी. मध चांगला असतो असं कळल्यावर मी एक दिवस मध लावला. तासाभरात मुंग्यांची रांग न्हाणीच्या मोरीतून हाऱ्यापर्यंत पोचली. मध पुसला, पुन्हा मीठपाणी, पुन्हा आयोडीन. त्यानंतर कुठलाही नवा प्रयोग केला नाही. सकाळ-संध्याकाळ धुणं आणि बघणं, एवढंच. खायला मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, कण्या. उकडलेलं अंडं कोंबडीला द्यायला काकीला विचित्र वाटलं, पण मांस भरायला जे लागतं ते त्यात आहे.

पाय धुताना मला तिच्या पायांचा रंग पहिल्यांदा नीट दिसला. हळदीसारखा पिवळा. जगातल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, पण हा पिवळेपणा त्याच्याकडून आलेला नाही. तो आपल्या सह्याद्रीच्या रानात ओरडतो त्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दाखवलं गेलं. पावसाळा सरला की घाटाच्या पायथ्याशी पहाटे त्याची आरोळी ऐकू येते. माझ्या मांडीवर लुगड्यात पडलेल्या या कोंबडीच्या पायात ते रान होतं.

सगळ्यात अवघड गेलं ते पिल्लांना दूर ठेवणं. तांबडं दिसलं की पिल्लू टोचतं, त्याला आई कळत नाही. म्हणून टोपलीतली सात पिल्लं न्हाणीच्या दाराबाहेर आणि काबरी आत. रात्री त्यांच्यावर साठचा बल्ब. ती दिसत नव्हती पण ऐकू येत होती. दर थोड्या वेळाने आतून ‘कुक् कुक्’ यायचं आणि बाहेरची सगळी टोपली चिवचिवायची. कोंबडी आणि पिल्लं पार तुटली तर पुढे ती त्यांना ओळखत नाही, टोचून हाकलते. आवाज चालू राहिला तर बरं, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून आम्ही ते दार कधीच पूर्ण लावलं नाही.

सहाव्या दिवशी पंखाखालच्या त्या भोकापाशी गाठ लागली. कडक, आवळ्याच्या बीएवढी. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही. तो घट्ट होतो, पनीरासारखा, आणि एका जागी बसून राहतो. सुकून आपोआप जाईल याची वाट बघायची नसते. पुन्हा एसटी, पुन्हा रांग. डॉक्टरांनी छोटा छेद देऊन तो पिवळा गोळा अख्खा बाहेर काढला, आतून धुतलं आणि सुया आणखी तीन दिवस वाढवल्या. काबरीने त्या वेळी माझ्या अंगठ्याला अशी चोच मारली की रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, “आता ही वाचली.”

जाण्यायेण्याचं भाडं, औषधं, सुया, सगळं धरलं तर त्या पैशात बाजारात दोन चांगल्या गावठी कोंबड्या आल्या असत्या. हे मला वाडीत चारजणांनी सांगितलं. मी खरं तेच सांगते. आमच्या घरी रविवारी कोंबडी-वडे होतात आणि मी ते खाते. दर वर्षी राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा सांगितलेला असतो, गाऱ्हाणं घालून तो दिला जातो, आणि त्यातही माझा हात असतो. हे दोन्ही एकत्र कसं बसतं याचं उत्तर मला मांडून दाखवता येत नाही. पण वईतलं ते भोक तीन आठवडे तसंच होतं. मी रोज ते बघत होते आणि भातकापणी झाली की बुजवू म्हणत होते. कापायची कोंबडी मी कापते तेव्हा ती माझ्या हातात असते, मी तिच्याकडे बघत असते. माझ्या आळसामुळे फाडली गेलेली कोंबडी तशीच सुरीखाली सरकवणं मला जमलं नाही.

मुंगसावर वाडीतल्या पोरांनी फासा लावायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. रंगाच्या ब्रशांच्या केसांसाठी किती मुंगसं मारली जातात हे वाचलेलं होतं, तेही मनात आलं. शिवाय आमच्या मांगरात घोणस निघते ती काही कोंबड्यांनी आटोक्यात ठेवलेली नाही. वई मात्र दुसऱ्याच आठवड्यात नीट केली. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी आणली, हातभर जमिनीत पुरली, खुराड्याच्या फटी सिमेंटने भरल्या.

दहाव्या-अकराव्या दिवशी काबरीच्या पाठीवरची लोंबणारी कातडी सुकून गळून पडली. तिच्याखाली नवी, गुलाबी, कडेने आत सरकणारी कातडी आली होती. कोंबडीची कातडी ज्या वेगाने भरते ते रोज बघूनही खरं वाटत नाही. तीन आठवड्यांनी त्या गुलाबी जागेच्या कडेला काटे फुटले. निळसर, मेणाच्या वेष्टणातली नवी पिसं. मी कात्रीने कापलेली पिसं मात्र तशीच खुंट राहिली. ती पुढच्या वेळी पिसं झडतील तेव्हाच बदलतील. मधोमध रुपयाएवढी जागा अजून उघडीच आहे, तिथे बहुधा पीस येणार नाही.

पिल्लं आम्ही बाराव्या दिवशी तिच्याकडे सोडली, संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर. मी हातात काठी घेऊन बसले होते, टोचायला लागली तर मध्ये घालायला. काबरीने एक एक करून सातही जणांकडे मान वाकडी करून बघितलं. मग ती खाली बसली. डावा पंख तिने अंगाशी तसाच आवळून धरला आणि उजवा थोडा वर उचलला. सातही पिल्लं त्या एका पंखाखाली शिरली. शेवटच्याला जागा नव्हती, त्याचं बूड बाहेरच राहिलं, ते ढकलत राहिलं आणि शेवटी आत गेलं.

आता खुराडा लावायच्या आधी मी नुसतं मोजत नाही. एकेकीला उचलते, पंख वर करते आणि फुंकर मारते. ढवळी डोळे मिटून घेते. कोंबडा तक्रार करतो. काबरी मला अजून चोच मारते. सासूबाई पडवीत बसून विचारतात, “सगळी बघलंस?” आणि मी म्हणते, “बघलंय, आई.”